ऐकण्याचा रविवार

रविवार हा आपल्या भागात उशिरा आलेला पाहुणा आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रदीर्घ खटपटीनंतर. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि तेथे साप्ताहिक सुटी असे ती शुक्रवारी. सप्टेंबर १९४८ नंतर राज्य पालटले आणि हळूहळू शुक्रवारची जागा रविवारने घेतली. तरीही आमच्या आजोबांच्या तोंडी सुटीच्या दिवसाला 'जुम्मा' हाच शब्द कित्येक वर्षे राहिला होता.

त्याच सुमारास या भागातील घरांत आणखी एक पाहुणा येऊ लागला होता. जुनी मंडळी त्याला नभोवाणी म्हणत, नवी मंडळी रेडिओ. हैदराबादेतून १९३५ सालापासून निजाम सरकारचा 'डेक्कन रेडिओ' चालत असे. त्यावर वरचष्मा उर्दूचा होता. तथापि तेलुगू, मराठी आणि कन्नड यांनाही तेथे थोडीफार जागा होती. १ एप्रिल १९५० रोजी हे केंद्र अखिल भारतीय नभोवाणीत सामील झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेने हैदराबाद संस्थानाचे तीन भाग केले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात, आणि बीदर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी घरे जागच्या जागीच राहिली. सरहद्द तेवढी त्यांच्या दारावरून सरकली. मुलीचे सासर उदगीरला आणि माहेर भालकीला, शेत एका राज्यात आणि सोयरे दुसऱ्या राज्यात, असा संसार तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडला आहे.

सुटीचा रविवार आणि बोलणारा रेडिओ हे दोन पाहुणे एकमेकांच्या ओळखीने आपल्या घरात स्थिरावले. त्या दोघांनी मिळून आपल्यासाठी काय केले, आणि आज ते दोघेही उठून जाण्याच्या बेतात असताना आपण काय करावे, याचा विचार या महिन्यात वाचकांसमोर मांडावा असे वाटते.

प्रथम एक गोड योगायोग सांगतो. 'आकाशवाणी' हा शब्द ऐकला की आपल्याला कंसाला झालेली आकाशवाणी आठवते. परंतु नभोवाणी केंद्राला हे नाव प्रथम मिळाले ते आपल्या कर्नाटकातच. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरात एक खासगी केंद्र उभारले आणि त्याला 'आकाशवाणी' म्हटले. पुढे १९५७च्या सुमारास केंद्र सरकारने तेच नाव सगळ्या देशातील केंद्रांसाठी घेतले, आणि २०२३ साली तर इंग्रजी नाव बाजूला ठेवून सर्वत्र 'आकाशवाणी' एवढेच म्हणावे असा निर्णय झाला. मराठी माणसाने घरचा मानलेला हा शब्द कन्नड मुलखातून निघून साऱ्या देशात फिरला. शब्दांना सरहद्द नसते याचा याहून चांगला दाखला कोठे शोधावा?

लहरींनाही सरहद्द नसते. त्यामागे निसर्गाचा एक नियम आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत पसरतात, कारण सूर्यप्रकाशात वातावरणाच्या वरच्या भागात तयार होणारा एक विद्युत्भारित थर वर जाणाऱ्या लहरी शोषून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरून जातो. मग लहरी त्याहून उंच असलेल्या थरांपर्यंत पोचतात आणि तेथून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून दिवसा जवळची केंद्रे नीट लागत आणि रात्री दूरची केंद्रे अंगणात येऊन बोलत. ज्यांनी रात्री नऊच्या पुढे खरखरीतून मुंबईचा आवाज शोधला आहे, त्यांना हा नियम पुस्तकात वाचण्याआधी कानांनीच शिकवला होता.

मुंबईचे केंद्र १९२७ सालचे, पुण्याचे १९५३ सालचे. सांगली १९६३ मध्ये आले, गुलबर्गा १९६६ मध्ये, परभणी १९६८ मध्ये आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९७६ मध्ये. म्हणजे आमच्या शाळकरी वयात, १९७५ ते १९८५ या दशकात, बीदर जिल्ह्यातल्या एखाद्या घरात रेडिओची सुई फिरवली की पूर्वेकडून हैदराबादचे उर्दू आणि तेलुगू येई, दक्षिणेकडून गुलबर्ग्याचे कन्नड, आणि उत्तरेकडून व पश्चिमेकडून मराठी. टपाल कचेरीत वर्षाचे शुल्क भरून रेडिओचा परवाना घ्यावा लागे. तो परवाना एका संचाचा असे. ऐकायला मिळत त्या चार भाषा.

त्या काळच्या रविवारचे स्वरूप आठवून पाहावे. गाण्यांचे कार्यक्रम पुष्कळ असत आणि ते सर्वांना आवडत, यात शंका नाही. परंतु गाणे हे हातातले काम न सोडता ऐकता येते. ज्वारी निवडताना, जनावरांना वैरण टाकताना ते कानावरून वाहत राहते. बोलण्याच्या कार्यक्रमांचे तसे नसे. त्यांच्यासाठी माणसे थांबत.

सकाळची सुरुवात 'चिंतन'ने होई. गंमत अशी की मराठी केंद्रांवरही 'चिंतन' आणि कन्नड केंद्रांवरही 'चिंतन'. एकीकडे तुकोबांचा अभंग विवरून सांगत, दुसरीकडे बसवण्णांचे वचन. १९७४ पासून सकाळी संस्कृत वार्ताही येऊ लागल्या. 'इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्' हे शब्द पाठ नसलेला विद्यार्थी आमच्या वर्गात विरळाच. अर्थ कळण्याआधीच त्या भाषेची लय कानात बसे, आणि पुढे शब्दरूपे पाठ करताना ती परकी वाटत नसे. त्यानंतर मराठी बातम्या. घरातील वडील माणूस त्या उभ्यानेच ऐके आणि मग शेजाऱ्याला कन्नडमधून किंवा दक्खनीतून सांगे. एका भाषेत ऐकून दुसऱ्या भाषेत सांगणे ही केवढी मोठी शाळा आहे, हे आज मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसल्यावर मला अधिक उमगते.

दुपारच्या अंगाला मुलांचे कार्यक्रम, स्त्रियांसाठी गप्पा, आरोग्यावरील भाषण, एखादी मुलाखत, एखादी श्रुतिका. कुटुंबश्रुतिकेच्या प्रकारात मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच'ने घराघरांत जागा मिळवली होती. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या वहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी ही माणसे कोणी पाहिलेली नव्हती, परंतु त्यांच्या आवाजावरून त्यांचे चेहरे प्रत्येकाने मनात रेखून ठेवले होते. कसोटी सामना असेल तर बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन असे, आणि चेंडू सीमेपार जाण्याला मराठीत इतक्या रीतींनी म्हणता येते हे मुलांना त्यातून कळे. पुणे केंद्रातच पु. ल. देशपांडे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखे लेखक नोकरीस होते, आणि माडगूळकरांकडे तर ग्रामीण श्रोत्यांचाच विभाग होता. भाषेचे उत्तम कारागीर जेथे रोजच्या वापराची भाषा घडवीत होते, तेथील माल आपल्या उंबरठ्यावर फुकट येऊन पडत होता.

संध्याकाळी शेतकऱ्यांचे कार्यक्रम. येथे मात्र गुलबर्ग्याची सुई हलत नसे. तूर, ज्वारी, करडई यांच्यावरील सल्ला आपल्या मातीला लागू पडणारा हवा, आणि तो कन्नडमध्ये असे. मराठी शेतकरी तो मन लावून ऐकत. ज्यांनी कन्नड कधी पाटीवर गिरवले नाही, त्यांनी खताची, औषधांची आणि हवामानाची कन्नड तेथूनच उचलली. मराठीवर प्रेम करण्यासाठी कन्नडकडे पाठ फिरवावी लागते असा समज ज्यांचा आहे, त्यांनी त्या काळचे एखादे अंगण पाहायला हवे होते. अक्का, अण्णा, तूप, अडकित्ता हे शब्द आपल्याकडे कन्नडमधूनच आले असे जाणकार सांगतात. देणेघेणे जुने आहे. रेडिओने ते चालू ठेवले एवढेच.

या साऱ्यात आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट कोणती? माझ्या मते ती ही, की अखंड बोलणे शेवटपर्यंत ऐकण्याची सवय आपल्याला लागली. रेडिओवरील भाषण हे दहा किंवा पंधरा मिनिटांचे असे. ते आधी लिहून काढावे लागे, वेळेत बसवावे लागे, आणि वाचताना मात्र समोर बसून बोलल्यासारखे वाटावे लागे. दहा मिनिटांत साधारण हजार-अकराशे शब्द मावतात. शाळेत मुलांकडून वाचून घेऊन मी हे ताडून पाहिले आहे. त्या हजार शब्दांत वक्त्याने विषय मांडायचा, एखादे उदाहरण द्यायचे, दुसरी बाजू दाखवायची आणि काही निष्कर्षाला यायचे. श्रोत्याला मध्येच अडवता येत नसे, मागे वळून पुन्हा ऐकता येत नसे. म्हणून तो कान देई. 'कान देणे' या आपल्या वाक्प्रचारात ऐकणे हे एक दान आहे असे सुचवलेले आहे, ते काही उगाच नाही.

ही सवय आपल्या मातीत रेडिओच्या कितीतरी आधीपासून रुजलेली होती. बसवकल्याणात बाराव्या शतकात शरणांनी जे साहित्य निर्माण केले, त्याचे नावच 'वचन', म्हणजे बोललेले. चक्रधरस्वामींची वचने आणि लीळा शिष्यांनी ऐकून ध्यानात ठेवल्या, म्हणून म्हाइंभटांना 'लीळाचरित्र' सिद्ध करता आले. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानी अशा अनेक भाषांत पदे रचली आणि समोरच्या भक्तांना ती समजत होती. गाणगापूरला आजही गुरुचरित्राचे पारायण होते. सप्ताह, कीर्तन, प्रवचन यांनी तयार केलेला कान घरोघर होताच. आकाशवाणीला तो आयता मिळाला.

ऐकण्यातून काय घडू शकते याचा एक प्रयोगही मराठी मुलखात झालेला आहे. त्याची आठवण आज फारशी कोणाला नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. प्रत्येक मंडळात सुमारे वीस माणसे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचे, मग त्यावर चर्चा करायची, आणि जे पटले ते गावात करून पाहायचे, अशी त्याची रीत होती. मंडळांनी पाठवलेल्या शंकांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी लिहिलेला त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. ज्या गावांत मंडळे होती तेथील माणसांच्या माहितीत लक्षणीय भर पडल्याचे त्या पाहणीत आढळले. अक्षरओळख नसलेली माणसेही चर्चेत मागे राहिली नाहीत. आपले जिल्हे त्या प्रयोगात नव्हते, तरी त्याचा धडा आपल्याही कामाचा आहे. ऐकणे एकट्याने झाले तर ते कानापाशी थांबते. मिळून ऐकले आणि मग बोलले, तर ते पुढे जाते.

त्या युगाचे गोडवे गाताना एक उणीव झाकू नये. रेडिओवरील मराठी ही बहुतांशी पुण्यामुंबईची मराठी होती. ग्रामीण कार्यक्रमांतील बोलीही त्याच बाजूच्या मावळी-साताऱ्याकडच्या वळणाची असे. कन्नड आणि दक्खनी यांच्या सहवासात वाढलेली आपली हेल काढून बोलण्याची मराठी त्या ध्वनिक्षेपकापर्यंत क्वचितच पोचली. त्यामुळे आपल्यातील कित्येकांना प्रमाण मराठी तर आली, पण आजीच्या मराठीची लाज वाटू लागली. प्रमाण भाषा अंगणात यावी, तिचे स्वागत व्हावे. पण तिच्यासाठी आजीने माजघरात तोंड मिटून बसावे, हे काही योग्य नव्हे.

आता आजच्या स्थितीकडे वळू. आपल्या भागात दूरचित्रवाणी फार लवकर आली. उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा जो प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात देशातील सहा राज्यांच्या सुमारे २४०० खेड्यांत झाला, त्यात कर्नाटकातून गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे निवडलेले होते. तरीही रविवार कानांचाच राहिला होता. तो डोळ्यांकडे गेला, माझ्या मते, २५ जानेवारी १९८७ रोजी, ज्या दिवशी 'रामायण' मालिकेचा पहिला भाग लागला. त्यानंतर वाहिन्या वाढल्या, नंतर मोबाइल आला. रेडिओही राहिला, पण त्याचे रूप पालटले. आता भर आहे तो एफ. एम. केंद्रांवर. त्यांचा आवाज स्वच्छ असतो, पण तो फार तर पन्नास-साठ किलोमीटर जातो, आणि त्यावर गाणी अधिक, बोलणे तुटक. ज्या मध्यम लहरी रात्री सरहद्द ओलांडून येत, त्यांची प्रक्षेपणे ठिकठिकाणी आवरती घेतली जात आहेत, आणि नव्या मोबाइलमध्ये त्या लहरी पकडण्याची सोयच नसते. १९८८ साली सुरू झालेली आकाशवाणीची रात्रीची राष्ट्रीय वाहिनी जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली. नकाशावर १९५६ साली आखलेली सरहद्द इतकी वर्षे लहरींना ठाऊक नव्हती. ती आता त्यांनाही कळू लागली आहे.

याचा परिणाम शाळेत दिसतो. आपल्या सीमाभागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा अजून चालू आहेत. मुले हुशार आहेत. मराठी बोलतात, कन्नड लिहितात, हिंदी समजतात, इंग्रजीची धडपड करतात. परंतु आठवीच्या वर्गात एखादी कथा दहा मिनिटे वाचून दाखवा. चौथ्या मिनिटाला निम्म्या वर्गाचे कान निघून गेलेले असतात. शब्द त्यांना येतात. बोलण्याचा धागा धरून शेवटपर्यंत जाण्याची सवय राहिलेली नाही. आणि जी घरे बेंगळूरला किंवा हैदराबादला स्थायिक झाली, त्यांच्या नातवंडांची तर वेगळीच अडचण आहे. आजी फोनवर बोलू लागली की दोन वाक्ये कळतात, तिसऱ्या वाक्याला 'आई, तू बोल' म्हणून फोन दुसऱ्याच्या हाती जातो. भाषा मरते तेव्हा ती एके दिवशी मरत नाही. ती अशी तिसऱ्या वाक्यापाशी सुटते.

म्हणून तक्रारीत वेळ न दवडता काही करावे असे मी सुचवतो. साधने गेलेली नाहीत, पालटली आहेत. आकाशवाणीची मुंबई, पुणे, सांगली, परभणी ही केंद्रे, तसेच आपले कलबुर्गी (२०१४ साली गुलबर्ग्याचे हे नाव झाले), आज आकाशवाणीच्याच मोबाइल ॲपवर जगात कोठेही ऐकता येतात. ज्या आवाजासाठी पूर्वी तारेची अँटेना कौलांवर बांधावी लागे, तो आता खिशात आहे. रविवारही आहे. देशाच्या पंतप्रधानांना ३ ऑक्टोबर २०१४ पासून 'मन की बात' हा कार्यक्रम करावासा वाटला, तो रेडिओवरून, आणि पुढे त्यासाठी महिन्याचा अखेरचा रविवारच नेमला गेला. कोणाच्या राजकारणाशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. पण नुसत्या बोलण्यासाठी रविवार अजून उपयोगी पडतो, एवढे त्यावरून दिसते.

माझी सूचना अशी. प्रत्येक घराने रविवारी एक तास ऐकण्यासाठी राखावा. पहिला अर्धा तास बोलण्याचा एखादा मराठी कार्यक्रम सर्वांनी मिळून ऐकावा: भाषण, मुलाखत, श्रुतिका, काहीही. कार्यक्रम मिळाला नाही तर घरातील एकाने एखादी कथा मोठ्याने वाचावी. पुढची पंधरा मिनिटे त्यावर बोलावे, आणि घरातील सर्वांत लहान मुलाला प्रथम विचारावे, 'तू काय ऐकलेस ते सांग.' त्याला मराठी शब्द अडला तर त्याने कन्नड शब्द वापरावा, रागावू नये. उरलेली पंधरा मिनिटे आजीची किंवा आजोबांची. त्यांनी आपल्या गावच्या मराठीत जुनी हकीकत सांगावी आणि नातवाने ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी. मोठ्या केंद्रांवर जी मराठी पोचली नाही, तिचे ध्वनिक्षेपण निदान आपल्या माजघरातून तरी सुरू होईल.

आमच्या शाळेत दर शनिवारी सकाळी शेवटच्या तासाला आम्ही हे थोड्या प्रमाणात करून पाहत आहोत. पहिल्या महिन्यात मुले चुळबुळत होती. आता पाचसहाजण तरी ऐकलेली गोष्ट आरंभापासून शेवटपर्यंत सांगतात. सहावीतल्या एका मुलीने तर आजीकडून ऐकलेली १९७२च्या दुष्काळाची हकीकत पूर्ण बारा मिनिटे सांगितली, आणि वर्गात कोणी हलले नाही.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरी त्या काळी रविवारी कोणता बोलण्याचा कार्यक्रम ऐकला जाई, तो कोणत्या केंद्रावरून लागे आणि त्यातून कोणता शब्द आपल्या घरात कायमचा राहिला, हे पोस्टकार्डावर चार ओळींत मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. बीदरकरांनी कळवावेच, पण कामानिमित्त दूर गेलेल्यांनीही कळवावे. आलेल्या पत्रांतील निवडक मजकूर या सदरात देण्याचा विचार आहे. तो घरी मोठ्याने वाचावा, एवढेच मागणे.